उपपृच्छेच्या आधारे सारणीतील ओळींचे अद्ययावतीकरण : एसक्यूएलमधील अपडेट आज्ञेचे एक विवेचन

सारांश

एका सारणीतील ओळींची मूल्ये दुसऱ्या सारणीवरून घेऊन बदलणे हे महाविद्यालयीन नोंदींच्या संगणकीकरणातील नित्याचे काम आहे. एसक्यूएल या भाषेत ते अपडेट आज्ञेत सबक्वेरी, म्हणजेच उपपृच्छा, लिहून केले जाते. अशा आज्ञेत ‘कोणते मूल्य लिहायचे’ आणि ‘कोणत्या ओळींत लिहायचे’ हे दोन वेगळे प्रश्न असतात. त्यांपैकी दुसऱ्याचे उत्तर दिले नाही, तर कोणतीही त्रुटी न दर्शवता योग्य नोंदी पुसल्या जातात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे अंतर्गत गुणांच्या उदाहरणाद्वारे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : एसक्यूएल, अपडेट, उपपृच्छा, रिक्त मूल्य, अंतर्गत गुण, व्यवहार.

प्रस्तावना

निकालाचे काम चालू असताना एखाद्या विभागाकडून अंतर्गत मूल्यमापनाची सुधारित यादी येणे ही कोणत्याही परीक्षा विभागाला नवी नसलेली गोष्ट आहे. लेजर कागदाचे होते तेव्हा लिपिक ती यादी डाव्या हाताला ठेवी, यादीतील पहिला आसन क्रमांक वाची, लेजरमध्ये तो शोधी, जुना अंक खोडून नवा लिही व शेजारी सही करी. यादी संपली की काम संपे. यादीत ज्यांची नावे नाहीत, त्यांच्या ओळींकडे त्याची नजरही जात नसे.

संगणकीय विदासंचात हेच काम एका आज्ञेत होते आणि ती आज्ञा चार-पाच ओळींहून मोठी नसते. मात्र ती लिपिकाच्या उलट दिशेने चालते. लिपिक यादीकडून लेजरकडे जातो. अपडेट आज्ञा लेजरकडून यादीकडे जाते. ती लेजरमधील प्रत्येक ओळ उचलते आणि त्या ओळीसाठी यादीला विचारते, ‘या विद्यार्थ्याचे गुण किती?’ यादीत तो विद्यार्थी नसेल तर उत्तर येते, ‘काही नाही’, आणि ते ‘काही नाही’ लेजरमध्ये इमानेइतबारे लिहिले जाते. या विषयातील बहुतेक अडचणी दिशेच्या या फरकातून उद्भवतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाठ्यपुस्तकांतून अपडेट आज्ञेचे व्याकरण शिकवले जाते, दिशा क्वचितच शिकवली जाते.

पार्श्वभूमी

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये, आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत कार्यरत असताना, संबंधाधिष्ठित विदासंचाची संकल्पना मांडली. विदा सारण्यांच्या रूपात असावी आणि वापरणाऱ्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावे, ‘कसे शोधावे’ हे यंत्रणेवर सोपवावे, असा त्या मांडणीचा आशय होता. तिच्या आधारे डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ नावाची भाषा सादर केली. हे नाव व्यापारचिन्ह म्हणून आधीच नोंदलेले असल्याने पुढे ‘एसक्यूएल’ हे संक्षिप्त रूप रूढ झाले. १९८६ मध्ये अमेरिकी व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने या भाषेला प्रमाणरूप दिले. एका मूल्याच्या जागी संपूर्ण उपपृच्छा लिहिण्याची सोय प्रमाणात आली ती १९९२ च्या आवृत्तीत. आपल्या विषयाचा खरा आरंभ तेथून होतो.

पुढील उदाहरणांत एसक्यूएलमधील शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते अर्थातच रोमन लिपीत टंकित करावे लागतात.

उदाहरणासाठी घेतलेल्या सारण्या

‘निकाल’ ही सारणी म्हणजे आपले लेजर. विवेचन सोपे राहावे म्हणून एकच विषय आणि पाच विद्यार्थी घेतले आहेत.

तक्ता क्र. १ : निकाल
आसन_क्र | लेखी | अंतर्गत
१०१ | ५२ | १५
१०२ | ४७ | १४
१०३ | ६१ | रिक्त
१०४ | ३९ | १७
१०५ | ५५ | १२

तक्ता क्र. २ : सुधारित
आसन_क्र | गुण
१०२ | १६
१०३ | १८
१०५ | १३

विभागाने केवळ तीन विद्यार्थ्यांचे गुण कळवले आहेत. १०१ व १०४ यांचे पूर्वीचे गुण योग्यच असल्याने त्यांचा उल्लेख नाही. तक्ता १ मधील ‘रिक्त’ म्हणजे एसक्यूएलमधील ‘नल’. ते शून्य नव्हे आणि कोरा शब्दही नव्हे. मूल्य उपलब्ध नाही, एवढेच ते सांगते. गुणांच्या बाबतीत हा भेद शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही. परीक्षेला बसून शून्य मिळवणारा आणि ज्याचे गुण अद्याप आलेच नाहीत असा, हे दोन विद्यार्थी एक नव्हेत.

अपूर्ण आज्ञा व तिचा परिणाम

प्रथमदर्शनी पुरेशी वाटणारी आज्ञा अशी :

अपडेट निकाल
सेट अंतर्गत = (सिलेक्ट सु.गुण
फ्रॉम सुधारित सु
व्हेअर सु.आसन_क्र = निकाल.आसन_क्र);

कंसातील भाग म्हणजे उपपृच्छा. तिच्यात बाहेरील ‘निकाल’ सारणीचा उल्लेख असल्याने ती स्वतंत्रपणे चालवता येत नाही. बाहेरची जी ओळ हाती असेल, तिच्या संदर्भातच तिला अर्थ प्राप्त होतो. अशा उपपृच्छेला सहसंबंधित उपपृच्छा म्हणतात. आज्ञेत एक ‘व्हेअर’ दिसतो, म्हणून नवशिक्याची समजूत होते की ओळींवर मर्यादा घातली गेली आहे. तो ‘व्हेअर’ कंसाच्या आतला आहे. तो यादीतील ओळ निवडतो, लेजरमधील नव्हे. बाहेरच्या अपडेटला कोणतीच अट नाही. आज्ञा पाचही ओळींवर चालते, ‘५ ओळी बदलल्या’ असा निरोप येतो आणि लेजरची स्थिती पुढीलप्रमाणे होते.

तक्ता क्र. ३ : अपूर्ण आज्ञेनंतर
आसन_क्र | लेखी | अंतर्गत
१०१ | ५२ | रिक्त
१०२ | ४७ | १६
१०३ | ६१ | १८
१०४ | ३९ | रिक्त
१०५ | ५५ | १३

विभागाने कळवलेले तिन्ही बदल अचूक झाले आहेत. यादी हातात घेऊन कोणी पडताळणी केली, तर सर्व काही बरोबर आढळेल. नुकसान झाले आहे ते यादीत नसलेल्यांचे.

हे नुकसान लपून कसे राहते, ते पाहण्यासारखे आहे. अंतर्गत गुणांची सरासरी काढली तर १६, १८ व १३ यांची बेरीज ४७ येते, तिला ३ ने भागून सुमारे १५.६७ मिळतात, कारण सरासरी काढताना एसक्यूएल रिक्त मूल्ये वगळते. आज्ञा निर्दोष असती तर पाच गुणांची बेरीज ७९ व सरासरी १५.८ आली असती. १५.६७ आणि १५.८ यांतील फरकाने कोणाच्याही मनात शंका येणार नाही. पुढे एकूण गुण काढताना ५२ अधिक रिक्त यांची बेरीज ५२ येत नाही, रिक्तच येते. मग ‘एकूण ४० किंवा अधिक’ अशी उत्तीर्णांची यादी काढली तर तीत १०१ येत नाही. ‘एकूण ४० पेक्षा कमी’ अशी अनुत्तीर्णांची यादी काढली तर तीतही येत नाही. रिक्त मूल्याशी केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही, ती ‘अज्ञात’ ठरते. आणि अट निःसंशय खरी असल्याखेरीज एसक्यूएल ओळ निवडत नाही. तात्पर्य, ६७ गुण मिळवलेला विद्यार्थी उत्तीर्णही नाही, अनुत्तीर्णही नाही. दोन्ही याद्यांची बेरीज पटसंख्येशी ताडून पाहिली तरच तो हरवल्याचे कळते.

पूर्ण आज्ञा

उपाय सोपा आहे. बाहेरच्या अपडेटला तिची स्वतःची अट द्यायची :

अपडेट निकाल
सेट अंतर्गत = (सिलेक्ट सु.गुण
फ्रॉम सुधारित सु
व्हेअर सु.आसन_क्र = निकाल.आसन_क्र)
व्हेअर एक्झिस्ट्स (सिलेक्ट १
फ्रॉम सुधारित सु
व्हेअर सु.आसन_क्र = निकाल.आसन_क्र);

‘एक्झिस्ट्स’ केवळ अस्तित्व तपासते. यादीत जुळणारी ओळ असेल तरच लेजरमधील ओळीला हात लागतो. आता ‘३ ओळी बदलल्या’ असा निरोप येतो आणि १०१ व १०४ यांचे १५ व १७ गुण जागेवर राहतात. एकच अट दोनदा लिहावी लागते, हे अनेकांना खटकते. परंतु पहिली अट मूल्याची आहे आणि दुसरी ओळींची. शब्द तेच असले तरी प्रश्न वेगळे आहेत.

ही पुनरुक्ती टाळण्यासाठी ‘कोअलेस’ या फलनाचा मार्ग सुचवला जातो. दिलेल्या मूल्यांपैकी पहिले अरिक्त मूल्य ते परत करते. उपपृच्छेपुढे जुने ‘अंतर्गत’ मूल्य ठेवले, की यादीत नसलेल्यांना जुनेच गुण पुन्हा मिळतात. परिणाम बहुधा योग्य येतो. तथापि पाचही ओळी ‘बदलल्या’ असे नोंदले जाते, आणि ओळीवर ‘शेवटचा बदल केव्हा’ अशी नोंद ठेवणारी यंत्रणा असल्यास ती सर्वांसाठी आजची तारीख लिहिते. शिवाय विभागाने एखाद्याचे गुण रद्द करण्यासाठी यादीत मुद्दाम रिक्त जागा ठेवली असेल, तर कोअलेस ती सूचना गिळून जुने गुण कायम ठेवते. यापेक्षाही वाईट प्रकार म्हणजे जुन्या मूल्याऐवजी शून्य ठेवणे. रिक्त जागा पाहून निदान चौकशी होऊ शकते. शून्याची चौकशी कोणी करत नाही.

एकाऐवजी दोन उत्तरे

‘अंतर्गत’ या रकान्यात एकच मूल्य मावते, म्हणून उपपृच्छेने प्रत्येक ओळीसाठी जास्तीत जास्त एकच उत्तर दिले पाहिजे. समजा, यादीत १०३ ची नोंद दोनदा आहे, एकदा १८ आणि एकदा १९. ओरॅकल, पोस्टग्रेसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल या प्रणाली येथे थांबतात, ‘उपपृच्छेने एकाहून अधिक ओळी दिल्या’ अशा आशयाची त्रुटी दाखवतात आणि आज्ञा अमलात आणत नाहीत. एसक्यूलाइट मात्र थांबत नाही. ती पहिली सापडलेली ओळ घेऊन पुढे जाते.

ही त्रुटी उपकारक आहे, असे येथे आग्रहाने नमूद करावेसे वाटते. प्रत्यक्षात घडते ते उलट. घाईत असलेला आज्ञालेखक ‘गुण’ऐवजी ‘मॅक्स’ लावून गुणांचे कमाल मूल्य मागतो, किंवा शेवटी ‘लिमिट १’ जोडतो, आणि त्रुटी नाहीशी होते. नाहीशी होते ती त्रुटीची सूचना. यादीतील दुबार नोंद तशीच राहते. १८ आणि १९ यांपैकी खरे कोणते, हा विभागप्रमुखांना विचारण्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर आज्ञेतील एका शब्दाने देऊन टाकले. ‘मॅक्स’ लावल्यावर उपपृच्छा नेहमीच नेमकी एक ओळ देते. जुळणारे काहीच नसेल तेव्हाही ती रिक्त मूल्याची एक ओळ देते. त्यामुळे दुबार नोंदींची सूचना कायमची बंद होते. बेरीज करणारे ‘सम’ही याबाबत तसेच वागते, फक्त ‘काउंट’ रिक्ताऐवजी शून्य देते. अनेक चाचण्यांच्या गुणांची बेरीज लेजरमध्ये लिहायची असेल तर ‘सम’ योग्यच आहे, कारण तेथे अनेक ओळी असणे अपेक्षित आहे. त्रुटी दडपण्यासाठी वापरलेले ‘मॅक्स’ आणि अर्थपूर्ण ‘सम’ आज्ञेत सारखेच दिसतात, भेद हेतूचा आहे.

दुबार उत्तरांचे आणखी एक कारण अपुरी जुळणी हे असते. लेजरमध्ये अनेक विषय असतील, तर ओळीची ओळख आसन क्रमांक व विषय या दोहोंनी मिळून होते. उपपृच्छेत विषयाची अट राहून गेली की प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या सर्व विषयांचे गुण उत्तरादाखल मिळतात. यावर खरा उपाय आज्ञेत नसून सारणीच्या रचनेत आहे. ‘सुधारित’ सारणीवर आसन क्रमांक व विषय यांच्या जोडीला अनन्यतेचे बंधन घातले, तर दुबार नोंद यादीत शिरतानाच अडवली जाते. याच बंधनाबरोबर तयार होणाऱ्या अनुक्रमणिकेमुळे प्रत्येक ओळीसाठी यादी आरंभापासून चाळण्याची गरज राहत नाही. हजारो ओळींच्या सारणीत वेगाच्या दृष्टीने हा लाभ मोठा असतो.

नावांचा सापळा

पुढील दोष आज्ञा वाचूनही सहसा लक्षात येत नाही. समजा, दुसऱ्या एका विभागाच्या यादीत रकान्याचे नाव ‘आसन_क्र’ नसून ‘परीक्षार्थी_क्र’ आहे. आज्ञालेखकाने ते न पाहता पुढील अट लिहिली :

व्हेअर आसन_क्र इन (सिलेक्ट आसन_क्र फ्रॉम सुधारित)

‘सुधारित’मध्ये असा रकानाच नाही, तेव्हा त्रुटी यावी अशी आपली अपेक्षा असते. ती येत नाही. उपपृच्छेत एखादे नाव आतल्या सारणीत सापडले नाही, तर प्रमाणानुसार ते बाहेरच्या सारणीत शोधले जाते, आणि ‘निकाल’मध्ये ते सापडते. अटीचा अर्थ असा होतो, की ‘या ओळीचा आसन क्रमांक या ओळीच्याच आसन क्रमांकाइतका आहे काय?’ यादीत एक जरी ओळ असली तरी उत्तर प्रत्येकासाठी होकारार्थी येते आणि संपूर्ण लेजर बदलाच्या कक्षेत येते. सहसंबंधित उपपृच्छा ज्या नियमामुळे शक्य होते, त्याच नियमाची ही दुसरी बाजू असल्याने यास प्रणालीचा दोष म्हणता येत नाही. उपपृच्छेतील प्रत्येक रकान्यापूर्वी सारणीचे टोपणनाव लिहिण्याची सवय हाच येथे उपाय. ‘सु.आसन_क्र’ असे लिहिले असते तर प्रणालीने असा रकाना नसल्याचे तत्काळ सांगितले असते. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक वह्या तपासताना हे टोपणनाव नसल्यास गुण कापावेत, इतके त्याचे महत्त्व आहे.

जुनी स्थिती आणि नवी स्थिती

उपपृच्छा ज्या सारणीवर आधारित आहे, तीच सारणी बदलत असेल तर काय होते? समजा, सरासरीपेक्षा कमी लेखी गुण असणाऱ्यांना ५ वाढीव गुण द्यायचे ठरले.

अपडेट निकाल
सेट लेखी = लेखी + ५
व्हेअर लेखी < (सिलेक्ट ॲव्हरेज ऑफ लेखी फ्रॉम निकाल);

येथे ‘ॲव्हरेज ऑफ लेखी’ हे केवळ वाचनासाठी लिहिले आहे. भाषेत ‘एव्हीजी’ हे फलन वापरतात. तक्ता १ मधील लेखी गुणांची बेरीज २५४ व सरासरी ५०.८ आहे. ४७ गुणांचा १०२ व ३९ गुणांचा १०४ हे दोघेच पात्र ठरतात. आता कल्पना करावी, की प्रणाली एक एक ओळ बदलत जाते आणि प्रत्येक वेळी सरासरी नव्याने काढते. वरून खाली गेल्यास १०१ ची पाळी प्रथम येते. त्याचे ५२ गुण ५०.८ पेक्षा अधिक असल्याने त्याला काही मिळत नाही. खालून वर गेल्यास प्रथम १०४ चे ३९ चे ४४ होतात व सरासरी ५१.८ होते, नंतर १०२ चे ४७ चे ५२ होतात व सरासरी ५२.८ होते, शेवटी १०१ ची पाळी येते तेव्हा ५२ हे ५२.८ पेक्षा कमी ठरतात आणि त्यालाही ५ गुण मिळतात. नियम एक, विदा एक, पण लेजर कोणत्या टोकाकडून वाचले यावर एका विद्यार्थ्याचे ५ गुण अवलंबून राहतात.

एसक्यूएलचे प्रमाण हे होऊ देत नाही. आज्ञेतील सर्व उपपृच्छा व अटी आज्ञा सुरू होण्यापूर्वीच्या स्थितीवरच तपासल्या पाहिजेत, असा त्याचा दंडक आहे. हा दंडक पाळणे प्रणाली रचणाऱ्यांना सोपे गेले नाही. १९७६ मध्ये आयबीएममधील संशोधकांनी २५,००० डॉलरपेक्षा कमी वेतन असणाऱ्या कर्मचाऱ्यांना १० टक्के वाढ देणारी आज्ञा चालवली. वाढ मिळालेली ओळ वेतनाच्या अनुक्रमणिकेत पुढे सरके आणि पुन्हा समोर येई. परिणामी सर्वांचे वेतन किमान २५,००० होईपर्यंत वाढतच गेले. तो दिवस ३१ ऑक्टोबरचा, म्हणजे पाश्चात्त्यांच्या हॅलोवीन सणाचा असल्यामुळे या दोषाला ‘हॅलोवीन समस्या’ असे नाव पडले. नावात भुताखेतांचा संबंध असला तरी कारण पूर्णपणे यांत्रिक होते.

मायएसक्यूएलने या बाबतीत वेगळा मार्ग पत्करला आहे. जी सारणी बदलायची तिच्यावरच थेट उपपृच्छा लिहिली तर ती प्रणाली आज्ञा नाकारते. उपपृच्छेभोवती आणखी एक कंस घालून तिच्या उत्तराला तात्पुरत्या सारणीचे नाव दिले, की सरासरी आधी काढून बाजूला ठेवली जाते व आज्ञा स्वीकारली जाते. त्याच प्रणालीत ‘सेट’मधील नेमणुका डावीकडून उजवीकडे एकामागून एक होतात. दोन रकान्यांतील मूल्यांची अदलाबदल करणारी आज्ञा इतरत्र चालते, तेथे दोन्ही रकान्यांत एकच मूल्य येते. एका प्रणालीवर शिकून दुसरीवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवणे इष्ट होय.

पर्यायी रचना

एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेसक्यूएल यांत अपडेटला ‘फ्रॉम’ जोडून दुसरी सारणी थेट जुळवता येते. एसक्यूलाइटमध्ये ही सोय २०२० पासून आहे. मायएसक्यूएलमध्ये अपडेटनंतर ‘जॉइन’ लिहितात. अट एकदाच लिहावी लागते आणि यादीत नसलेल्या ओळींना धक्का लागत नाही, म्हणून ही रचना लोकप्रिय आहे. ती प्रमाणात नाही. शिवाय यादीत दुबार नोंद असल्यास येथे त्रुटी येत नाही. जुळणाऱ्या ओळींपैकी कोणती घेतली जाईल याची शाश्वती नाही, असे पोस्टग्रेसक्यूएलची अधिकृत माहितीपुस्तिकाच सांगते. एसक्यूएल सर्व्हरच्या पद्धतीत ‘फ्रॉम’नंतर लक्ष्य सारणी टोपणनावासह पुन्हा लिहिण्याची रीत आहे. तीच आज्ञा पोस्टग्रेसक्यूएलवर नेली, तर ती प्रणाली त्या सारणीस वेगळी प्रत समजते आणि सर्व विद्यार्थ्यांना कोणा एकाचे गुण मिळण्याची पाळी येते.

२००३ च्या प्रमाणात ‘मर्ज’ ही आज्ञा आली.

मर्ज इन्टू निकाल नि
यूझिंग सुधारित सु
ऑन (नि.आसन_क्र = सु.आसन_क्र)
व्हेन मॅच्ड देन
अपडेट सेट अंतर्गत = सु.गुण;

आरंभी वर्णिलेल्या लिपिकाच्या कार्यपद्धतीला ही आज्ञा सर्वांत जवळची आहे. तिचा विचार यादीपासून सुरू होतो, अट एकदाच येते, आणि यादीत १०३ दोनदा असेल तर ती एकच ओळ दुसऱ्यांदा बदलण्यास नकार देऊन थांबते. ओरॅकल व एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती पूर्वीपासून आहे, पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीपासून आली, मायएसक्यूएलमध्ये नाही. जेथे उपलब्ध आहे तेथे गुणांसारख्या संवेदनशील नोंदींसाठी तिलाच प्राधान्य द्यावे. तथापि सहसंबंधित उपपृच्छा समजल्याविना मर्ज शिकवू नये. तिची सुरक्षितता कशापासून आहे, हे विद्यार्थ्याला कळणार नाही.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

बदल करण्यापूर्वी तीच जुळणी सिलेक्ट आज्ञेने करून आसन क्रमांक, जुने गुण व नवे गुण शेजारी शेजारी पाहावेत. ओळींची संख्या यादीतील ओळींइतकी, म्हणजे येथे ३, असली पाहिजे. त्यानंतर ‘ग्रुप बाय’ व ‘हॅविंग’ यांच्या साहाय्याने यादीतील दुबार क्रमांक शोधावेत. एक तपासणी मात्र हमखास राहून जाते : यादीत आहेत पण लेजरमध्ये नाहीत असे क्रमांक. विभागाने चुकून १०६ लिहिले असेल, तर वर पाहिलेल्या कोणत्याही रचनेत ती ओळ मुकाट्याने वगळली जाते आणि ज्याचे ते गुण होते त्याला ते कधीच मिळत नाहीत. त्यासाठी ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरून स्वतंत्र पृच्छा करावी. ‘नॉट इन’ वापरू नये. लेजरमधून येणाऱ्या क्रमांकांत एक जरी रिक्त असला तरी प्रत्येक तुलना अज्ञात ठरून उत्तर कोरे येते, आणि कोऱ्या उत्तराचा अर्थ ‘सर्व ठीक’ असा घेतला जातो. क्रमांक तक्त्याच्या संगणकप्रणालीतून आयात केले असतील, तर सुरुवातीची शून्ये गळाल्यामुळे किंवा अखेरीस रिकामी जागा राहिल्यामुळे जुळणी होत नाही. तेही याच पृच्छेत उघड होते.

मूळ आज्ञा व्यवहाराच्या चौकटीत चालवावी. आरंभी ‘बिगिन’, मग अपडेट. बदललेल्या ओळींची संख्या अपेक्षेइतकी असेल तरच ‘कमिट’, अन्यथा ‘रोलबॅक’. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक आज्ञा आपोआप कायम होण्याची व्यवस्था मुळातच चालू असते, म्हणून तेथे बिगिन लिहिण्यास विसरल्यास परतीचा मार्ग नाही. त्या प्रणालीच्या आज्ञापटलावर किल्लीचा किंवा मर्यादेचा आधार नसलेले अपडेट नाकारणारा एक पर्याय आहे. त्याचे दुसरे अधिकृत नाव ‘मी अजाण आहे’ अशा अर्थाचे आहे. नाव विनोदी असले तरी निकालाच्या दिवसांत ते धारण करण्यात कमीपणा मानू नये. ओरॅकल व मायएसक्यूएलमध्ये व्यवहार चालू असताना सारणीच्या रचनेत बदल करणारी आज्ञा दिल्यास आधीचे सर्व बदल आपोआप कायम होतात, याचीही जाणीव असावी.

लिपिक खोडलेल्या अंकाशेजारी सही करी. अपडेट आज्ञा जुना अंक मागे ठेवत नाही. म्हणून त्याच व्यवहारात, अपडेटच्या आधी, बदलल्या जाणाऱ्या ओळींचे आसन क्रमांक, जुने गुण, नवे गुण, दिनांक व बदल करणाऱ्याचे नाव ‘बदल_नोंद’ अशा वेगळ्या सारणीत ‘इन्सर्ट’ आज्ञेने लिहावे. त्यासाठीची पृच्छा नवी रचावी लागत नाही. जुने व नवे गुण शेजारी पाहण्यासाठी जी सिलेक्ट आज्ञा आधी लिहिली, तीच इन्सर्टपुढे ठेवली की पुरते. कमिट झाल्यास नोंद व बदल दोन्ही राहतात, रोलबॅक झाल्यास दोन्ही जातात. गुणपत्रक हाती पडल्यावर एखादा विद्यार्थी ‘माझे अंतर्गत १२ चे १३ कसे झाले?’ असे विचारत आला, तर त्याला या सारणीतील ओळ दाखवता येते.